उतारावरचं बंद इंजिन

लॉरीच्या टाकीतून बाहेर काढलेल्या बांबूच्या काठीवर ओल जिथवर चढली होती तिथं सॅन्टननं अंगठ्याचं नख टेकवलं आणि तो नुसता बघत राहिला — जरा वेळ बघितलं तर ओल वर सरकेल, अशा आशेनं. सरकली नाही. सुवेझचा कालवा नेमका कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तिकडं बोटी अडल्या आणि इकडं डिझेल महागलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसऱ्याचंच दिवाळं निघायची वेळ आली होती.

आज सांगायचंच. भाडं वाढवतोय म्हणून... आणि आधी आनंदीबाईंना. लॉरीत केळी आदळतात, काळी पडतात म्हणत सगळी आळी बैलगाड्यांना चिकटून बसली होती, तेव्हा या एकट्या बाईनं आपले घड त्याच्या लॉरीत चढवले होते, वसई रोड स्टेशनापर्यंत. मग बाकीचे आले. त्या हो म्हणाल्या तर आळी हो म्हणेल. त्या परत बैलगाडीकडं वळल्या तर... तर लॉरी विकायची आणि दुसऱ्याच्या वाडीत पाणी लावायला जायचं. थेरेसाला हे अजून सांगितलेलं नाही. बायकोपुढं बोलायला जीभ उचलत नाही तिथं आनंदीकाकींपुढं काय उचलणार!

काकी, डिझेल वाढलंय — नको, हे रडगाणं वाटेल. काकी, घडामागं थोडं — हेही नको. निर्मळच्या तळ्यापर्यंत त्यानं तेच वाक्य इतक्या वेळा फिरवलं की त्यातला अर्थच गेला.

बांधावरून वाट आनंदीबाईंच्या वाडीकडं उतरते तिथं त्यानं अलीकडच्या सवयीनं इंजिन बंद केलं. जुनी लॉरी आपल्याच वजनानं खाली निघाली, गुमान. ही शांतता त्याला आवडू लागली होती. रहाटाची कुरकुर ऐकू येई, पोफळीतला वारा ऐकू येई, आणि थेंबभर का होईना मी वाचवतोय, असं वाटून छाती जराशी फुगे. एरवी याच उतारावर केवढा गडगडाट व्हायचा...

अंगणात घड नव्हते. मातीवर केळीच्या चिकाचे ओले डाग, सुक्या पानांचा चुरा आणि गाडीच्या चाकोऱ्या तेवढ्या होत्या. लांब कुठंतरी घुंगरं वाजत होती.

"अरे, तू कवा आलास?" आनंदीबाई ओटीवरून उठल्या. "मागल्या खेपेलाही असाच उगवलास. लॉरी बिघडली काय तुझी? बांधावर आवाजच नाय येत. एकनाथच्या बैलगाडीची घुंगरं वाजली, मग त्याला दिले घड."

हो की. बांधावर लॉरी घरघरली की बायका हातातलं टाकून घड सुक्या पानांत गुंडाळायला घेत, हे मी डोळ्यांनी किती वेळा पाहिलंय... आणि मीच तो आवाज बंद केला. बिघडली म्हणावं का? बिघडलेल्या लॉरीला निदान दया तरी मिळते. त्याला स्वतःचीच लाज वाटली, अगदी कानांपर्यंत.

"बिघडली नाय, काकी. उतारावर बंद करतो. डिझेल महागलंय." आणि मग, थांबलो तर राहूनच जाईल म्हणून, "भाडं वाढवावं लागेल."

आनंदीबाई चाकोऱ्यांकडं पाहत राहिल्या.

"महागलं तर महागलं म्हणून सांगावं. मुक्यानं कशाला यायचं माणसाच्या दारात?" त्या म्हणाल्या. "पुढल्या खेपेचं मी काय कबूल करत नाय. ज्याचा आवाज आधी येईल, त्याला घड."

हे हो होतं की नाही, हे त्याला बांधापर्यंतही उमगलं नाही. लॉरी रिकामी होती. रिकाम्या लॉरीला इतकं डिझेल पाजणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी आळीभर आवाज जावा म्हणून चढावर त्यानं इंजिन मुद्दाम जोरात घेतलं. रहाट ऐकू येईना, पोफळी ऐकू येईना... घुंगरंही नाहीत. सकाळपासून तोंडात घोळणारं वाक्य आता तिथं नव्हतं आणि त्याच्या जागी काय आलं ते त्याला सांगता आलं नसतं. काठी पायाशी घरंगळत होती. तिच्यावरची ओल केव्हाच वाळून गेली असणार. त्यानं वाकून पाहिलं नाही.