अनोळखी भाग

थोरलीचं डोकं त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच फिरलं, आणि ते फिरायला एक शब्द पुरला.

आदल्या दिवशी कंपनीने आपल्या सगळ्या फोनांना नवं अपडेट पाठवलं होतं. लोकांनी भाबडेपणाने 'ठीक आहे' दाबलं आणि जिथे जिथे दुरुस्तीला थोरलीचा हात लागलेला, तिथे तिथे पिवळा त्रिकोण उगवला. खाली ओळ: 'या फोनमध्ये अनोळखी भाग बसवलेला आहे. बॅटरीची माहिती उपलब्ध नाही.'

पहिला आला तो एक बसचालक. शटर अर्धं उघडलं नाही तोच त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला.

"काकू, डुप्लिकेट माल घातलात की काय?"

"डुप्लिकेट असता तर सहा महिने चालला असता का? चालतोय ना फोन?"

"चालतोय. पण हा त्रिकोण?"

"त्रिकोण मी नाही बसवला. ज्यांनी बसवला त्यांना विचारा."

तो विचारायला गेला, पण प्लायवूडच्या पलीकडे. तिथे धाकटीचं काउंटर होतं.

बॅटरी चांगली होती. थोरली एकेक बॅटरी मीटर लावून पारखून घ्यायची, गळकी निघाली तर व्यापाऱ्याच्या तोंडावर मारायची. पण कंपनीच्या यादीत त्या बॅटरीचा नंबर नव्हता, म्हणून फोन तिला ओळख द्यायला तयार नाही. वीस वर्षं घरात राबलेल्या सुनेला दारात अडवून 'आपण कोण?' विचारावं, तसला हा चावटपणा. दुपारपर्यंत अकरा गिऱ्हाइकं येऊन भांडून गेली. बाराव्याने तिला तोंडावर 'अनोळखी काकू' म्हटलं आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

गाळा एकच होता. मधे आठ फुटी प्लायवूड. डावीकडे थोरलीचं दुरुस्तीचं टेबल: निळी रबरी मॅट, गरम हवेचा ब्लोअर, चिमटे, आणि स्क्रूंच्या छोट्या छोट्या डब्या. उजवीकडे धाकटीचं काचेचं काउंटर: नवे फोन, पांढरे दिवे, आणि नवीन मॉडेल आलं की बदलणारी पोस्टरं. दोघी सख्ख्या जावा. दोघींमधून विस्तव जात नव्हता, प्लायवूड तेवढं गेलं होतं. दोघींचे नवरे शहाणे. आपापली नोकरी धरून या भांडणापासून चार हात लांब राहत. आणि गाळा होता सासूबाईंच्या नावावर.

त्या गाळ्याचाच आज निकाल लागायचा होता. धाकटीला कंपनीने अधिकृत दुकान देऊ केलं होतं, पण एका अटीवर, अख्खा गाळा हवा. सासूबाईंनी करारावर सही केली की प्लायवूड जाणार आणि थोरलीचं टेबलही जाणार. बावीस वर्षांचं टेबल. सासूबाई आठवडाभर 'बघू' म्हणत होत्या. आज दुपारी दुकानात येऊन काय ते सांगते, म्हणाल्या होत्या.

आणि नेमका आजच त्यांच्या फोनवरही तो त्रिकोण आला होता.

सासूबाईंच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, आणि ती चालायची फोनमधल्या ॲपवर. महिन्यापूर्वी त्यांच्या फोनची बॅटरी फुगली तेव्हा थोरलीनेच बदलून दिली होती. आता ॲप म्हणत होतं, 'अनोळखी भाग असल्यामुळे सुरक्षेसाठी ही सेवा बंद आहे.' म्हणजे थोरलीने नीट बसवलेल्या बॅटरीने सासूबाई ठार बहिऱ्या झाल्या. त्या बॅटरीची फोनशी ओळख करून द्यायची सोय कंपनीने फक्त आपल्या विक्रेत्यांना दिली होती. म्हणजे धाकटीला. थोरली जीभ हासडून घेईल, पण तिच्याकडे जाणार नाही.

पण थोरली कारागीर होती. सकाळी निघायच्या आधी तिने सासूबाईंच्या फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारी सोय शोधून चालू केली. कोणी बोललं की मोठ्या अक्षरांत ओळी उमटत. कोण बोलतंय तेही फोन सांगतो, पण त्यासाठी प्रत्येकाने मिनिटभर बोलून आपला आवाज त्याला शिकवावा लागतो. तोवर तो सगळ्यांना 'अनोळखी आवाज' म्हणतो. तो शब्द पाहून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज शिकवायचं तिने संध्याकाळवर टाकलं. सासूबाईंनीही "मला नको ते, डोळे दुखतात" म्हणून फोन पिशवीत कोंबला. थोरलीला वाटलं, बंद केला असेल. आणि मग बारा गिऱ्हाइकांच्या नादात ती हे विसरून गेली.

दुपारी तीनला सासूबाई आल्या. थोरलीच्या बाजूच्या खुर्चीत बसल्या, करार पिशवीतून काढून मांडीवर ठेवला, चष्मा लावला आणि मान खाली घालून बसल्या. धाकटी लगेच प्लायवूडला वळसा घालून आली. हातात एक छापील कागद होता. पिवळा त्रिकोण, खाली ठळक अक्षरांत 'अनोळखी भाग'. तिने तो थोरलीच्या बाजूने प्लायवूडला चिकटवला.

"गिऱ्हाइकांना आधीच कळलेलं बरं, जाऊबाई. नंतर कटकट नको."

"काढ तो कागद."

"खोटं आहे का त्यात काही?"

"तुझ्या काचेतले फोन तुला उघडता तरी येतात का गं? स्क्रू कुठला आणि शिंगरू कुठलं हे कळत नाही, आणि म्हणे अधिकृत!"

"उघडायचे कशाला? आता लोक नवीन घेतात. तुमचं हे उकरणं-चिकटवणं संपलं, जाऊबाई. आईंचे कान बंद पाडलेत, ते बघा आधी. माझ्याकडे द्या फोन, दोन मिनिटांत बॅटरीची नोंद करते. फक्त दुरुस्ती माझ्या नावावर लागेल."

"माझ्या कामावर तुझं नाव?"

"मग राहू द्या त्यांना बहिऱ्या."

"राहू दे की! ऐकू येत होतं तेव्हा कुठे काय डोक्यात शिरत होतं? सही मिळेपर्यंत तू आई आई करशील. परवापासून जेवलीस का म्हणून तरी विचारशील का त्यांना?"

"मी विचारीन नाही तर नाही विचारणार. राहतात तर तुमच्याकडे."

"राहतात नाही, गळ्यात पडल्यात! तू जन्मात ठेवून घेतलं नाहीस म्हणून. सकाळी उठल्यापासून खोकला, औषधं आणि तेच ते रडगाणं. एकदा माझ्या जागी राहून बघ, मग बोल!"

"नको बाई. आठ दिवस ठेवल्या होत्या, तेवढ्यात माझे केस पांढरे झाले."

सासूबाई मांडीवरच्या कराराकडे बघत होत्या. निदान थोरलीला तसं वाटलं. माणसाला ऐकू येत नाही म्हटलं की समोरच्याच्या जिभेचं हाड जातं म्हणतात, पण मुळात तिथे हाड असतं कुठे?

"हे सगळं तुमचंच तर झालंय," धाकटी म्हणाली. "तुम्ही बसवलेली बॅटरी. आता तर किती उरलीय तेही फोन सांगत नाही."

"फोनची जाऊ दे," थोरली म्हणाली. "म्हातारीची किती टक्के उरलीय तेवढं सांगणारं एखादं अपडेट काढा म्हणावं कंपनीला. गाळ्याचा घोळ आपोआप सुटेल."

धाकटीने तोंडावर हात दाबला. आणि मग तिला फस्सकन हसू आलं. तिचं हसू बघून थोरलीलाही आवरेना. तीन वर्षांत दोघी एकत्र अशा हसल्या नव्हत्या. धाकटीने टेबलाला हात टेकला, थोरलीने पदराने डोळे पुसले. क्षणभर थोरलीला धाकटी चक्क आवडली. मग तिची नजर सासूबाईंकडे गेली आणि हसू तिथल्या तिथे विझलं.

करार मांडीवर होता, पण त्याच्यावर फोन होता. सासूबाई एका बोटाने ओळी वर सरकवत होत्या.

ते लिहून दाखवणं चालूच होतं. सकाळी आपणच चालू केलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सासूबाईंनी फोन टेबलावर, निळ्या मॅटवर ठेवला. दोघींना दिसेल असा.

'अनोळखी आवाज: राहतात नाही गळ्यात पडल्यात.'

'अनोळखी आवाज: आठ दिवस ठेवल्या होत्या तेवढ्यात माझे केस पांढरे झाले.'

'अनोळखी आवाज: म्हातारीची किती टक्के उरलीय तेवढं सांगणारं एखादं अपडेट काढा म्हणावं कंपनीला.'

आणि त्याच्याखाली कंसात, '(हसण्याचा आवाज)'.

"हसलात दोघी, ते दिसलं मला," सासूबाई म्हणाल्या. बहिरं माणूस बोलतं तसं मोठ्याने, रस्त्यापर्यंत जाईल असं. "बोललं कोण? तेव्हा मान खाली होती माझी. पूर्वी आवाजावरून कळायचं, यात सगळ्या सारख्याच." त्यांनी टक्केवारीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणाचं?"

फोनवर 'ऐकत आहे' अशी ओळ आली आणि पुढे तीन टिंबं उघडझाप करू लागली. थोरलीला बावीस वर्षांचं टेबल दिसलं, डब्या दिसल्या, ब्लोअर दिसला. एक खरं वाक्य बोलायचं होतं. तोंडातून निघालं दुसरंच.

"मी नाही."

"मी तर नाहीच," धाकटी घाईघाईने म्हणाली.

'अनोळखी आवाज: मी नाही.' 'अनोळखी आवाज: मी तर नाहीच.'

सासूबाईंनी दोन्ही ओळी चष्मा सरळ करून वाचल्या. मग कराराची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

"गाळा भाड्याने देते मी. दोघी आपापलं सामान उचला. आठ दिवस देते."

"अहो आई! भाड्याने कोणाला?" धाकटी किंचाळली.

सासूबाई अक्षरं उमटेपर्यंत थांबल्या. "कोणी का असेना. अनोळखी असला म्हणजे झालं."

धाकटी तरातरा पलीकडे निघून गेली. प्लायवूडच्या मागे तिचं फोनवर नवऱ्यावर ओरडणं सुरू झालं आणि इकडे मॅटवरच्या फोनवर तेही तुकड्या-तुकड्यांनी उमटू लागलं. थोरली जागची हलली नाही. शरमेने तिचे कान तापले होते. तिला म्हणायचं होतं, ते वाक्य माझं होतं, आई. आता गाळा हातचा गेलाच होता, म्हणजे म्हणायला अडचण काहीच नव्हती. तरी ती स्क्रूंच्या डब्यांची झाकणं लावत राहिली.

सासूबाई उठल्या. कानातली दोन्ही यंत्रं काढून त्यांनी पिशवीत टाकली आणि फोन मात्र मॅटवरून उचलून थोरलीच्या हातात दिला.

"कान दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नकोस. आहे ते बरं आहे. एवढंच बघून दे. बॅटरी तूच बसवलीस ना? किती टक्के उरलीय?"

थोरलीची बोटं सवयीने चालली. सेटिंग, मग बॅटरी, मग बॅटरीची स्थिती. पिवळा त्रिकोण. अनोळखी भाग. माहिती उपलब्ध नाही.

"सांग की."

"सांगता येत नाही, आई," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला आणि काय म्हणाली ते वाचायला डोळ्यांजवळ धरला.