वाफ राखणारे झाकण

मी एक जुने झाकण आहे. हसू नका, मित्रांनो! पातेल्याशिवाय झाकणाला विचारतो कोण, असे तुमच्या मनात आलेच असेल. माझे पातेले बूड झिजून केव्हाच मोडीत गेले. मी मात्र अजून रोज गॅसवर चढते आणि घरातल्या कुठल्याही भांड्यावर ऐटीत बसते.

कारखान्यात अल्युमिनियमचा पत्रा साच्यात दाबला गेला आणि माझा जन्म झाला. तेव्हाच माझी कड किंचित वाकडी राहिली. त्यामुळे आत वाफ कोंडली की मी थडथडू लागते. याच खोडीने पुढे माझे नशीब उघडले.

मी ज्या घरात आले तिथले स्वयंपाकघर एवढेसे होते. त्याच्या दाराशी आजोबांची खुर्ची असे. आजोबांची उभी हयात छापखान्यात गेली होती आणि यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेले होते. जेवताना सगळे हसत, तेव्हा आजोबा एकेकाच्या तोंडाकडे बघत बसत. हळूहळू ते ताट घेऊन खुर्चीतच एकटे जेवू लागले. कानाच्या यंत्राने ऐकू येईल, असे डॉक्टर म्हणाले. पण किंमत ऐकून त्यांच्या मुलाचा चेहरा पडला.

सुनेने मात्र कंबर कसली. "उद्यापासून एकही पातेलं उघडं चढणार नाही," ती म्हणाली. "वाफ आली की गॅस बारीक, आणि शिजत आलं की बंद. राहिलेलं झाकणाखाली आपोआप शिजेल. वाचतील ते पैसे यंत्रासाठी या डब्यात!"

"अगं, झाकणाने कधी कुणाला कान आलेत का?" नवरा हसला. मला असा राग आला म्हणता!

सून आतल्या खोलीत शिवणकाम करायची. मशीनच्या आवाजात माझी थडथड तिला ऐकूच जाईना. मग आजोबांनी आपणहून पहारा पत्करला. त्यांना माझा आवाज येत नसे, पण मी हलताना दिसे. गुडघ्यांमुळे पटकन उठवत नसे, म्हणून ते खुर्चीतूनच हाक मारत, "सूनबाई, नाचायला लागलं गं!" की सून धावत येऊन गॅस बारीक करी.

गॅस जास्त दिवस पुरू लागला. खोटे कशाला बोलू, डबा काही मी एकट्याने भरला नाही. सुनेने गळका नळ दुरुस्त करून घेतला, नवरा जवळच्या कामांना पायी जाऊ लागला. पण सुरुवात माझ्यापासून झाली, हे मी छाती फुगवून सांगेन.

अशात नणंदेने काचेचे देखणे झाकण भेट दिले आणि माझी रवानगी कुंडीखाली झाली. तिथे मातीचे पाणी अंगावर झेलत मी फार कष्टी झाले. ते नवे झाकण जड होते, जागचे हलत नसे. आजोबा टक लावून बघत बसले, ते नाचलेच नाही, आणि एका दुपारी वाटाण्यांचा कोळसा झाला. आजोबा ओशाळले. त्यांनी स्वतः मला ओढून काढले आणि लख्ख घासले.

"काच दिसायला छान, पण तिला नाचता येत नाही!" ते म्हणाले.

शेवटी डबा भरला आणि कानाचे यंत्र आले. त्या संध्याकाळी आजोबा स्वयंपाकघराकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. गॅसवर बटाटे उकडत होते. मी थडथडू लागले.

वर्तमानपत्र खाली आले. "सूनबाई, गॅस बारीक कर गं!"

सून धावत आली आणि दारातच थबकली. "बाबा, तुम्ही तर इकडे पाहिलंच नाही!"

"म्हणजे हे नाचताना एवढी बडबड करतं होय?" आजोबा म्हणाले. "आणि मला कुणी सांगितलं नाही ते!"

सून हसता हसता रडायला लागली. त्या रात्री आजोबा ताट घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसले. जेवणानंतर सुनेच्या नवऱ्याने मला स्वतःच्या हाताने पुसून खिळ्याला टांगले.

मित्रांनो, पातेले उघडे ठेवून वाफ उडवू नका आणि पोचे पडलेल्या झाकणाला कुंडीखाली घालू नका. तुमच्या घरात ते थडथडू लागले, तर कटकट म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. आमच्या घरात तेवढ्या एका आवाजासाठी सगळ्यांनी मिळून बचत केली होती.