माझ्या पोटात ठेवलेली सवत

मित्रांनो, मी उदगीरकडच्या एका खेड्यातला जुना माठ. शंकरप्पांच्या स्वयंपाकघरात तिवईवर बसतो. माझं कौतुक झालेलं मला फार आवडतं, आणि ते व्हायचंही. शंकरप्पांच्या सुनेचं, शिवकन्येचं, पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा सासू सिद्धम्मा म्हणाल्या की पोरीच्या अंगात उष्णता आहे, तिला माठाचंच पाणी द्या. दुसऱ्या खेपेला मी जीव ओतून गार राहिलो. सातव्या महिन्यात शिवकन्येचा रक्तदाब चढला आणि तेही बाळ गेलं. बोल तिला लागला, मला नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मग लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. शरीराची राखण करणारी शक्तीच तिच्यावर उलटते, रक्ताच्या गुठळ्या होतात, वारेतल्या बारीक नसा तुंबतात आणि बाळाचं पोषण थांबतं, असं त्यांनी सांगितलं. उष्णतेचं त्यात नावही नव्हतं. माझा जळफळाट झाला.

तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि घरात इंजेक्शनांची पांढरी डबी आली. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटावर एक सुई, सोबत एक छोटी गोळी. ते वर्ष दुष्काळाचं. पारावर उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून गप्पा रंगत, आणि टँकर आठवड्यातून एकदा येई. औषध गार जागी ठेवायचं होतं, घरात फ्रीज नव्हता. सिद्धम्मांनी मला रिकामं करून कोरडं पुसलं, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं आणि ती सवत माझ्याच पोटात ठेवली. प्यायच्या पाण्याचा मान प्लास्टिकच्या घागरीला गेला. माझं झाकण उघडत ते फक्त डबीसाठी.

आठव्या महिन्यात सुनेच्या पोटावरचे काळेनिळे डाग पाहून सिद्धम्मा घाबरल्या. सुया बंद करा, माठाचं पाणीच बरं होतं, असं म्हणू लागल्या. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

शिवकन्या शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, त्या पाण्यानं माझं दुसरं लेकरू वाचलं न्हाई. डाग पडू द्या. डाक्टरीणबाईला इचारल्याबिगर मी सुई सोडणार न्हाई."

सिद्धम्मांनी लातूरला फोन लावला. बाईंनी डागांना भिऊ नका, सुई चुकवू नका म्हणून बजावलं. मग सिद्धम्मांनी स्वतः माझं झाकण उचललं.

मुलगी झाली. लहानखुरी, पण टाहो फोडणारी. घरी आल्यावर सिद्धम्मा सुनेजवळ बसून म्हणाल्या, "पोरी, ती दोन लेकरं तुझ्यामुळं गेली न्हाईत. म्या उगाच तुला बोल लावला."

मित्रांनो, कुणाची बाळं अशी पोटातच जात असतील तर सुनेला बोल लावू नका, तिचं रक्त तपासून घ्या. माझा हेवा अजून गेलेला नाही. बाळ वाचवता आलं ते त्या डबीला. मला नाही.