पिंप अजून भरलेलंच आहे

आमच्या ह्यांना कुठलंही काम एकदाच करून मोकळं व्हायला आवडतं. मोजे आणतील तर वर्षाचे, नखं कापतील तर अशी की महिनाभर त्यांच्याकडे बघायला नको. त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानामागे लोकांनी टाकलेल्या पाइपांचा, पिंपांचा आणि झाकणांचा एवढा ढीग आहे की एखादा माणूस त्यात हरवला तर भंगारवालाच शोधून आणेल. ताईच्या कोंबड्या आमच्या गळ्यात पडल्या तेव्हा ह्यांना आधी आठवली ती त्या ढिगातली दोन निळी पिंपं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. एकटी राहते. न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी इतक्यात एकटं राहायचं नाही असं बजावलं म्हणून मी तिला आमच्याकडे आणली. येताना स्ट्रेचरवरून तिनं एकच गोष्ट सांगितली, "माझं काय व्हायचं ते होईल, माझ्या नऊजणींकडे बघ." नऊजणी म्हणजे तिच्या परसातल्या तांबूस कोंबड्या.

सुरुवातीला मी नेमानं जात होते. सकाळी ताईला उठवायचं, अंघोळ घालायची, मग बस पकडून तिच्या घरी. रोज कोंबड्यांनी पाण्याचं पातेलं उलथं केलेलं, नाहीतर त्यात घाण केलेली. ते घासायचं, पाणी भरायचं, मक्याचा भरडा घालायचा, पुन्हा बस, आणि दातांच्या दवाखान्यात जाऊन काउंटरवर हसतमुखानं बसायचं. संध्याकाळी परत तेच. एकदा एका पेशंटनं नाकाला रुमाल लावला आणि माझ्या चपलेकडे बघितलं. घरी येऊन मी ह्यांच्यासमोर भांडी आपटली.

"एवढंच ना?" हे म्हणाले. "रोज जायचं कशाला? मी सोय करतो."

आणि केली, अगदी मन लावून केली. एका पिंपात पाणी. खाली पाइप, पाइपाला फ्लशच्या टाकीतला फ्लोट, आणि ओळीनं लाल वाट्या. कोंबडी प्यायली की वाटी आपोआप भरायची. दुसऱ्या पिंपात खाद्य. बुडाशी चारी बाजूंनी भोकं पाडून त्यात पाइपाचे वाकडे तुकडे बसवले. कोंबडीनं तोंड घालून खायचं, खाल्लं तेवढं वरून आपोआप खाली यायचं. अंडी द्यायच्या खोक्याला उतार दिला, म्हणजे अंडं घरंगळत जाळीबाहेरच्या ट्रेमध्ये. मी कौतुकानं बघत होते. खरं सांगायचं तर लग्नानंतर इतक्या कौतुकानं मी त्यांच्याकडे क्वचितच बघितलं असेल.

शेवटी त्यांनी खाद्याच्या पिंपाला उभी चीर पाडून आतून पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं. "ही खिडकी," ते म्हणाले. "आत जायचंसुद्धा कारण नाही. फाटकातून बघायचं, किती उरलंय ते दिसतं. फाटक उघडायचं नाही, चपला भरायच्या नाहीत."

उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात. आम्ही कुंपणावरून कोंबड्या पोसायला लागलो.

मग मी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा जायला लागले. फाटकाशी उभं राहायचं, खिडकी बघायची, ट्रेमधली अंडी उचलायची आणि तीच बस परतीची पकडायची. पिंप भरलेलं असायचं. पुढच्या वेळी बघितलं तरी भरलेलंच. मी आनंदानं ह्यांना फोन केला. "अहो, तुमच्या पिंपात खाद्य किती पुरतंय! पूर्वी नुसतं सांडून वाया जात असणार."

"डिझाइन आहे ते," हे म्हणाले.

अंडी कमी झाली आणि मग बंदच झाली. त्यावरही ह्यांच्याकडे उत्तर होतं. "ताई नाहीत ना, म्हणून रुसल्यात." मलाही ते गोड वाटलं. शिवाय मी दिसले की कोंबड्या धावत जाळीशी यायच्या, तारेवर चोची आपटायच्या, माझ्या चपलेच्या अंगठ्याला टोचायला बघायच्या. मी घरी येऊन ताईला सांगितलं, "आता मलाही ओळखतात बरं का. सोडतच नाहीत."

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "खाद्य किती उरलंय?"

"पिंप अजून भरलेलंच आहे."

"असं कसं? माझ्या नऊजणी दिवसाला दोन मोठी भांडी फस्त करतात. आत जाऊन बघितलंस का? हातात घेऊन बघितलंस एखादीला?"

मी दिवसभर दुसऱ्यांच्या दाढदुखीची गाऱ्हाणी ऐकून आले होते. माझं डोकं फिरलं. "तुझ्या कोंबड्या म्हणजे काय राक्षस आहेत का?" मी म्हटलं. "ह्यांनी सुट्टीचे दिवस घालवून एवढं बनवलं. त्याचं काही नाही. पडल्या पडल्या नुसत्या चुका काढायच्या!"

ताई गप्प झाली. माझी ताई, जिनं लहानपणी माझ्या कानाखाली मारताना कधी दोनदा विचार केला नाही, ती गप्प झाली. हे कामावरून आल्यावर तिनं त्यांना हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, "चुकलं हो माझं. तुम्ही दोघं माझ्यासाठी मरमर मरताय आणि मी शंका घेते." हे म्हणाले, "छे छे, ताई, तुमचा जीव आहे त्यांच्यावर, समजतं आम्हाला." मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं आठवलं की आता अंगावर काटा येतो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं गेलो, ते पाण्याच्या पिंपाचं झाकण बदलायचं होतं म्हणून. फाटक बऱ्याच दिवसांनी उघडलं. कोंबड्या धावत आल्या नाहीत. काही भिंतीशी पिसं फुगवून बसल्या होत्या, आणि खोक्यामागे, जिथे फाटकातून दिसत नाही, तिथे तीन मरून पडल्या होत्या. मी एक उचलली. पिसांच्या आत काही नव्हतंच, छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं.

"रोग आला असेल," हे म्हणाले. मग त्यांनी पाइपाच्या तोंडात बोट घातलं. कोरडं. दुसऱ्यात घातलं, तिथेही काही नाही. त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीत खाद्य गच्च भरलेलं दिसत होतं. त्यांनी पिंपावर थाप मारली, मग काठी आत घालून जोर लावला. झाकण घट्ट, वरून ऊन, आतल्या आत घाम धरून भरडा ओलसर झाला होता आणि खिडकीच्या खालच्या कडेशी भिंतीसारखा आवळून बसला होता. वर ढीग आणि खाली पोकळ. काठी घुसली तशी एक मोठी ढेप धप्पकन खाली आली आणि उरलेल्या सहाजणी तिच्यावर तुटून पडल्या. त्यांच्या चोचींचा आवाज ऐकवेना.

पाणी मात्र उत्तम चाललं होतं. सगळ्या लाल वाट्या काठोकाठ भरलेल्या.

हे पिंपाला पाठ टेकून खाली बसले. त्यांना धड रडता येत नाही, नुसतं नाक ओढत होते. मला त्यांना काही बोलता येईना, कारण त्यांनी निदान काहीतरी बनवलं होतं. मी नुसती बघायला जात होते आणि तेवढंही मला जमलं नव्हतं. जाळीवर आपटणाऱ्या चोचींना मी माया समजले होते.

"ताईंना सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलंय का?" मी म्हटलं. हे माझंच वाक्य, त्यांच्यावर ढकलणार नाही. बाजारातून त्याच तांबूस रंगाच्या तीन आणायची कल्पनाही माझीच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मलाही पाठ होतं. तरी आम्ही पिशवीत घालून तीन कोंबड्या आणल्या, गुपचूप आत सोडल्या, पिंप काढून टाकलं आणि त्या दिवसापासून मी पुन्हा सकाळ-संध्याकाळ जायला लागले. ताईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी वॉकर घेऊन चार पावलं टाकायला सांगितलं, तशी ताई म्हणाली, "एकदा मला माझ्या घरी नेऊन आण. लगेच परत येऊ." नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. आम्ही टॅक्सी केली. ह्यांनी तिला परसात खुर्ची दिली आणि टॅक्सीवाल्याशी बोलायचं निमित्त काढून बाहेर निघून गेले.

ताईनं जिभेनं टक् टक् असा आवाज केला. सहाजणी पंख पसरून धावत आल्या, तिच्या पायांत घुटमळल्या, एक तर मांडीवर चढून बसली. तीन लांब भिंतीशीच राहिल्या. ताईनं पुन्हा टक् टक् केलं. त्या तिघी तिथेच माती उकरत होत्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं हात वाकवून मांडीवरच्या कोंबडीची छाती चाचपली.

तेवढ्यात शेजारच्या टेलरबाईंनी कुंपणावरून मान वर काढली. "आलात का? कशा आहेत तुमच्या कोंबड्या?"

"नऊच्या नऊ!" ताई मोठ्यानं म्हणाली. "माझ्या बहिणीनं आणि जावईबापूंनी जिवापाड सांभाळल्या हो. नशीब लागतं अशी माणसं मिळायला."

टेलरबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी मान खाली घातली, ती त्या आत जाईपर्यंत वर काढली नाही.

"ताई," मी म्हटलं, "तीन मेल्या. पिंपात खाद्य अडकलं होतं. उपाशी मेल्या. मी आत येऊन बघितलंच नाही."

"माहीत आहे."

"मग त्यांच्यासमोर असं का बोललीस? मला दोन लगावायच्या ना! शिव्या घालायच्या!"

ताई कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घातल्या असत्या गं. पण उद्या सकाळी मला संडासला कोण नेणार?"

रागानं नाही म्हणाली. टोमणाही नव्हता तो, मला तिचे टोमणे चांगले माहीत आहेत. तिनं नुसतं खरं काय ते सांगितलं होतं.

बाहेरून ह्यांनी हाक मारली, टॅक्सीवाला घाई करतोय म्हणून. मी कोंबडी खाली उतरवली, ताईच्या काखेत हात घातला आणि तिला उभी केली. वॉकर नीट धरल्यावर ती मला "थँक्यू" म्हणाली. लहानपणापासून आजवर तिनं मला कधी थँक्यू म्हटलेलं मला आठवत नाही.