वारुळातलं दूध आणि पोपटी विहीर

"आलं! आलं बघा!"

१९५८ सालची नागपंचमी. बेंगळूरच्या यशवंतपुरात एका मळ्यातल्या विहिरीभोवती माणसं टाचा उंचावून उभी होती. पंधरा पावलांवरच्या वारुळात दुधाच्या घागरी रित्या होत होत्या, आणि पाव तासात विहिरीच्या दगडांमधून पांढरी धार झिरपू लागली. बायकांनी गालांवर हात मारून घेतले.

वारुळाची पूजा मांडून बसलेला वारूळस्वामी गरजला, "विष नागाप्पानं ठेवून घेतलं, अमृत परत दिलं! कुठल्या डाक्टराला जमेल?"

गर्दीत डॉक्टर नव्हता, पण आरोग्य प्रयोगशाळेतला बिंदुमाधव होता. हात जोडताना कोणाचा डोळा शेजारणीच्या पाटल्यांवर आहे, हे मनात टिपून ठेवायची त्याला खोड. आज त्याने दोन गोष्टी टिपल्या. स्वामीने दुधाआधी वारुळात वीस घागरी साधं पाणी ओतवलं होतं, 'नागाप्पाची तहान' म्हणून. आणि स्वतःची तहान तो गोटीच्या बाटलीतल्या सोड्यावर भागवत होता.

तेवढ्यात घागर कमरेवर घेऊन त्याची बहीण रत्नाबाई पुढे आली.

"अक्का, तीर्थ कुणाला?"

"आपल्या ठकूला. पोरीला नऊ दिवस झाले, ताप हटत नाही. रोज हेच देते."

"उकळून?"

"तीर्थ उकळतात होय रे? मोठा शहाणा!"

बिंदुमाधवने वळून विहिरीपलीकडे पाहिलं. भक्तांच्या पडवीमागचा शौचखड्डा विहिरीपासून साठ पावलांवर चालेल, अशी सही त्यानेच केली होती. प्रयोगशाळेत पत्र्याच्या नळकांड्यात चाळलेली माती भरून त्याने वरून जंतूंचं पाणी सोडलं होतं. तीन फुटांखाली जवळजवळ काहीच उतरलं नाही. त्यावरून गणित मांडलं: साठ पावलांना वर्षं लागतील. स्वामीही तेच सांगे, फक्त सोवळं नेसून: "माती म्हणजे देवाची चाळण!"

पण या मळ्याची माती कुणी चाळली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबताच त्याने खड्ड्यात हिरव्या रंगाची पूड टाकली, वर दहा बादल्या पाणी ओतलं आणि विहिरीवर येऊन बसला. दुपारी पाणी पोपटी झालं.

"नागाप्पा कोपला! विष सोडलं!" स्वामी ओरडला. "होम करावा लागेल!"

"नागाप्पाला कशाला बोल लावता? सकाळी मी शौचखड्ड्यात रंग टाकला, तो हा."

गर्दीत कोणीतरी पचकन थुंकलं.

"खोटं! माती सगळं गाळते!" स्वामी म्हणाला.

"सरी, बरं. मग ही या पाण्याची वाटी घ्या, प्या."

स्वामीने वाटीकडे पाहिलं. "आज आमचा उपास आहे."

"उपासाला सोडा चालतो वाटतं!" गर्दीतली म्हातारी तानूबाई फिस्सकन हसली.

बिंदुमाधवने पहारीने वारुळाची कड फोडली. आत बोटाएवढी बिळं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या, सगळ्या विहिरीच्या अंगाला उतरलेल्या. "पाणी मातीतून मुरत बसत नाही, या वाटांनी पळतं. आधीच्या वीस घागरींनी भोवतालची माती भिजते, मग दूध न जिरता सरळ धावतं. हाच चमत्कार. खड्ड्यापासूनही अशाच वाटा आहेत, आणि त्यांनी जंतू येतात."

रत्नाबाईने भरलेली घागर तिथेच उपडी केली. मग हळूच विचारलं, "त्या खड्ड्यावर सही कुणाची रे?"

बिंदुमाधवने पहार खाली ठेवली.

"माझी, अक्का. नळकांड्यातल्या मातीचं गणित जमिनीला लावलं. इथं येऊन तपासलं नाही."

 रत्नाबाईने विहिरीचा दोर सोडवला, गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला, म्हणजे आता कोणी पाणी काढायला नको.

खड्डा बुजवला, विहिरीत औषध पडलं, स्वामी दुसरं वारूळ शोधत निघून गेला. ठकूचा ताप मात्र त्या संध्याकाळीही एकशे तीन होता. डॉक्टर म्हणाले, "आठवडा जाऊ द्या, मग सांगतो."

वारुळापुढे हात जोडायचे तर जोडा. पण प्यायच्या आधी पाणी कोणत्या वाटेने आलं, एवढं विचारा. स्वामीला विचारा, आणि सही करणाऱ्या साहेबालाही. दोघांपैकी कोणीही वाटी तोंडाला लावायला कचरला, तर चूल पेटवा आणि पाणी उकळा.