मंजुश्रीबाईंच्या कॉफीचं माप

मी एक जुना स्टीलचा कॉफी फिल्टर आहे. एकावर एक बसणारे दोन डबे, एवढाच मी. वरच्या डब्याच्या तळाला बारीक छिद्रं आहेत. त्यात पावडर भरून उकळतं पाणी ओतलं की खालच्या डब्यात थेंब थेंब दाट अर्क गळतो. बुलढाण्याकडच्या मोताळ्यात घरोघरी चहा. त्यामुळे मला पाहून पुष्कळांनी विचारलं आहे, "हे कायचं भांडं व्हय?"

मित्रांनो, माझा जन्म तमिळनाडूतल्या एका कारखान्यात झाला. मंजुश्रीबाई बंगळुरूला नर्सिंग शिकत होत्या, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने निरोप देताना मला त्यांच्या हातात ठेवलं. पुढे त्या मोताळ्याच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या. शाळेतल्या सहदेव गुरुजींशी त्यांचं लग्न झालं आणि मी त्यांच्या ओट्यावर आलो.

पावडर मोताळ्यात मिळत नसे. गुरुजी महिन्यातून एकदा शेगावला जाऊन ती आणत. त्यांचं काम तेवढंच. बाकी सगळं बाईंच्या हाती. त्या पावडर हलकेच दाबत, पाणी गोल फिरवत ओतत आणि झाकण लावून पोळ्या लाटायला घेत. दवाखान्याची घाई असली तरी थेंब भरभर पडावेत म्हणून त्यांनी मला कधी ठोकलं नाही. बाहेरच्या खोलीतून गुरुजी विचारत, "मंजू, झाली काय वं?" आणि कप त्यांच्यापुढे येई. एकतीस वर्षांत ते एकदाही आत येऊन बघत उभे राहिले नाहीत.

बाई निवृत्त झाल्या आणि विसरू लागल्या. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावं. एका सकाळी त्यांनी माझ्यात पावडरीऐवजी हळद भरली. खालच्या डब्यात पिवळं पाणी पाहून त्या रडू लागल्या.

"मले आठवून नाही राह्यलं हो. किती घालत होती मी?"

गुरुजींना ते माहीतच नव्हतं.

वर्षभरात बाईंनी खाणंपिणंही सोडत आणलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. फक्त एकच म्हणायच्या, "माही कॉफी द्या." मग गुरुजींनी पहिल्यांदा मला हातात घेतलं. दोन चमचे पावडर आणि पेलाभर पाणी. पाणचट झाली. चार चमचे घातले, कडूजहर झाली. त्यांच्या हातून पावडर जास्त दाबली जाई, मग तासभर एक थेंब खाली उतरत नसे. रोज ते कप पुढे करत आणि बाई एक घोट घेऊन तो सरकवत.

"ही माही कॉफी नोय."

नागपूरच्या मुलीने, धम्मशीलाने, फोनवर सांगितलं, "बाबा, अंदाजानं नका करू. एक भाग पावडर अन् सहा भाग पाणी घ्या. मी छोटा वजनकाटा पाठवते." काटा आला. वीस ग्रॅम पावडर, एकशेवीस ग्रॅम पाणी. पावडर हलकेच दाबायची, जोर लावायचा नाही. एक वाटी अर्काला तीन वाट्या दूध. गुरुजींनी हे सगळं शाळेच्या वहीत लिहून काढलं आणि जमेपर्यंत करत राहिले.

एका सकाळी बाईंनी कप नाकाशी नेला. थांबल्या. मग एकेक घोट घेत पूर्ण कप संपवला. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

"भाऊ, कॉफी बेस केली तुमी."

गुरुजी बघतच राहिले. भाऊ!

"आमच्या घरच्या मानसाले ठेवजा घोटभर," बाई म्हणाल्या. "शाळेतून येतच असतीन थे."

गुरुजी म्हणाले, "ठेवतो, बाई."

ते आत आले आणि मला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मग खरंच एक कप भरून त्यांनी त्यावर बशी झाकली. त्यानंतर रोज दोन कप होत. बाई आपला कप पीत आणि दाराकडे बघत विचारत, "आले काय ते?" शेजारी बसलेले गुरुजी म्हणत, "येतच हायेत."

असे पाच महिने गेले. हिवाळ्यात बाई गेल्या.

त्या दिवसापासून मला कोणी धुतलेलं नाही. पावडर वाळून दगड झाली आहे, छिद्रं बुजली आहेत. धम्मशीलाने मला घासायला घेतलं, तेव्हा गुरुजींनी तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे. तिच्या शेवटल्या कपाची पावडर हाय ती."

मित्रांनो, मला घासून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरीही कोणीतरी रोज तुमच्यासाठी काही करत असेल. ते किती घेतात, किती ओततात, किती वेळ थांबतात, हे एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून बघा. त्यांना विचारा. विचारणारा कोण आहे हे त्यांना ओळखू येतंय, तोवर विचारा.