नारदाच्या गादीचा पलंग

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला, असे लोक पुढे म्हणाले. गेला असेल. मी तो आवरलाच नव्हता.

लढाई संपली त्या साली शामकांतने आमच्या जामखेडच्या घरातली मागची खोली नव्याने करायला काढली. शामकांत माझा धाकटा भाऊ, कचेरीत कारकून. यजमान गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. त्याची बायको इंदू, तिला आठवा लागला होता. मागच्या खेपेला ह्याच खोलीत, ओल धरलेल्या जमिनीवर ती बाळंत झाली आणि बाळाला गारठा बाधला. बारशाच्या आधीच गेले ते. म्हणून ह्या वेळी खोली कोरडी हवी, उजेडाची हवी, आणि बाळंतिणीला जमिनीपासून हातभर वर निजता यावे, एवढाच तिचा हट्ट होता.

पण बाजारात धड लाकूड नाही, सिमेंटला परवाना. शामकांतने नगरच्या छावणीतल्या लिलावातून काचेची जुनी खिडकी आणली, लष्करातल्या रिकाम्या खोक्यांचे कपाट करून घेतले, पडक्या धर्मशाळेच्या विटा जमिनीवर अंथरल्या. मला कौतुकच वाटत होते. सहादेव सुतार पलंग ठोकत बसला होता. मी त्याला ताक द्यायला गेले आणि फळीवरचा काळा डाग दिसला.

तो डाग मी झोपेतही ओळखीन. गोकुळअष्टमीला आरतीतला कापूर तिथे सांडला होता आणि कीर्तनकार बुवांनी पद न सोडता उपरण्याने जाळ झटकला होता.

"सहादेव, ह्या फळ्या कुठल्या?"

"देवळातल्या की, आक्का. तिथं आता फरशीचा वटा केलाय न्हवं? जुन्या फळ्या वीटभट्टीवाल्याला दिल्या. भाऊसाहेबांनी भट्टीवरनं उचलल्या. सागवान हाय, लई निब्बर."

मी ताकाचे भांडे तिथेच खाली ठेवले. विठोबाच्या देवळात कीर्तनाला बुवा उभे राहतात, ती नारदाची गादी. बुवासुद्धा आधी तिला हात लावून कपाळाला लावतात, मग पाय ठेवतात. कीर्तन संपले की आम्ही बायका तिथली धूळ कपाळी लावून घरी येतो. आणि त्यावर बाळंतपण? दहा दिवसांचे सोयर?

शामकांत कचेरीतून आला, त्याला टोपीही काढू दिली नाही.

"अरे, लाज नाही वाटली? नारदाची गादी बाळंतिणीखाली घालतोस?"

"अक्का, हळू बोल. त्या भट्टीत जाणार होत्या."

"गेल्या असत्या तर अग्नीत जाऊन पवित्र झाल्या असत्या! मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसतेच म्हणाले!"

"म्हणूनच नाही विचारलं."

इंदू भिंतीला धरून दारात आली. माझ्यासमोर कधी मान वर न करणारी पोर, पण त्या दिवशी तिचेही डोळे पेटले होते.

"वन्सं, मी पुन्हा जमिनीवर निजणार नाही. देव कोपायचा तर कोपू दे. मागच्या खेपेला काय, माझ्यावर प्रसन्न होता?"

"जीभ आवर, इंदू!"

"नाही आवरत."

सहादेवाचा हातोडा थांबला. तेवढ्यात अंगणातून हाक आली. देवळाचे पंच सुमंतराव. भट्टीवाल्याकडून त्यांना कळले होते. छत्री न मिटताच ते आत आले.

"शामकांत, फळ्या आजच्या आज भट्टीवर पोचव. अग्नीत गेल्या तर पवित्र होतील. बाळंतिणीच्या विटाळात देवाची वस्तू? शोभतं का हे?"

हे मी आत्ताच बोलले होते, शब्दाला शब्द. त्यांच्या तोंडून ऐकले आणि अंगाची लाही झाली. माझे शब्द इतके निर्दय होते?

"सुमंतराव," मी म्हणाले, "एवढी देवाची वस्तू होती, तर सरपणात का काढलीत?"

"नवा ओटा झाला. जुन्याचं काय करायचं?"

"देवळाच्या कोठीत लावून ठेवायच्या होत्या. तुमच्या माजघरात ठेवायच्या होत्या! भट्टीवाल्याच्या गाडीत टाकताना नारद आठवला नाही, आणि ह्या पोरीच्या पाठीखाली गेल्यावर आठवला?"

"बाईमाणसानं शास्त्र—"

"शास्त्र मला कीर्तनातच कळलं, ह्याच फळ्यांवरून. देवकी बंदिशाळेत उघड्या फरशीवर बाळंत झाली, हे बुवा सांगत होते तेव्हा तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात. मी बघितलंय. बायकांच्या बाजूनं सगळं दिसतं. ते रडणं काय फक्त देवकीपुरतं होतं?"

सहादेव हळूच म्हणाला, "ह्ये मातूर खरं हाय."

"तू गप!" सुमंतराव त्याच्यावर ओरडले आणि माझ्याकडे वळले. "एकादशीला नव्या ओट्यावर पहिलं कीर्तन आहे. फळ्या गेल्या नाहीत, तर ह्या घरातल्या कोणीही सभामंडपात पाऊल ठेवायचं नाही. पुष्पावतीबाई, तुम्हीसुद्धा."

कीर्तनावाचून मला दुसरे आहे काय? टाळ वाजला की माझे दिवसभराचे दुखणे पळते. शामकांत घाबरून माझ्याकडे पाहत होता. इंदूने पोटावर हात ठेवला होता, आणि तीही माझ्याकडेच पाहत होती.

"मग नाही येणार," मी म्हणाले. "छत्री मिटा आधी. घरात आहात."

ते तणतणत गेले. शामकांत पुटपुटला, "अक्का, तुझं कीर्तन..."

"तू बोलूच नकोस! चोरासारखा वागलास. आणि सहादेव, तोंडाकडे काय बघतोस? ठोक! पलंग कुरकुरला तर याद राख."

एकादशीला शेजारच्या राहीबाई बोलवायला आल्या. "चला की, मागं खांबाआड बसा, कोणाला दिसायच्या न्हाईत." मी नाही म्हटले. चोरून देवाला जायला मी काय केले होते? दिवेलागणीला देवळाकडून मृदंग ऐकू आला. बुवांचा, पंचांचा, खरे सांगायचे तर विठोबाचाही राग आला. मी तेलाची वाटी घेऊन इंदूच्या पलंगावर बसले आणि तिचे सुजलेले पाय चोळायला लागले.

"वन्सं," ती कळवळून म्हणाली, "हळू हो. पाय माझे आहेत, सुमंतरावांचे नाहीत."